अठरा फ्लॅट आणि हळदीकुंकवाची यादी

त्या माणसाला भेटायला आम्ही गेलो ते चेक खिशात घालूनच. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, त्यांना सगळे डॉक्टरसाहेबच म्हणत, लग्नातला असावा असा सूट घालून आले होते. दोन गणपती आणि एक दिवाळी काटकसरीत उरकून मंडळानं साठवलेले पैसे त्या चेकवर होते. डॉक्टरसाहेबांची कल्पना अशी, की चेक टेबलावर ठेवला की समोरचा माणूस भारावून जाईल आणि वेल्समधल्या कार्डिफच्या आपल्या म्हाताऱ्या माणसांसाठी घरं बांधायला सोमवारपासून सुरुवात होईल.

समोरचा माणूस कसला भारावतोय! तो एका हाउसिंग असोसिएशनचा, म्हणजे नफा न घेता कमी भाड्याची घरं बांधणाऱ्या संस्थेचा, पैशांचा कारभार बघणारा अधिकारी होता. उंच, वेल्श, बोलायला अगदी सावकाश. त्यानं चेककडे बघितलं आणि म्हणाला, "हा परत खिशात ठेवा. मला तुमचे पैसे नकोत, तुमची म्हातारी माणसं हवीत."

मग त्यानं कागदावर तीन चौकोन काढले. पहिला जमिनीचा. कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, एक शाळा बंद पडली होती, तिची जागा म्हाताऱ्यांच्या घरांसाठी स्वस्तात मिळत होती. दुसरा चौकोन सरकारी ग्रँटचा, सगळ्यात मोठा. तिसरा कर्जाचा. पूर्वी म्हणे सरकारच जवळजवळ सगळा खर्च द्यायचं, पण ऐंशीचं दशक संपता संपता नियम बदलले आणि उरलेला पैसा बाजारातून कर्जानं उभा करा असं सांगण्यात आलं. कर्ज देणारी बिल्डिंग सोसायटी, म्हणजे इथली घरकर्जाची बँकच, बघणार फक्त एकच गोष्ट, की भाडं नीट येणार की नाही. "फ्लॅट रिकामे राहिले तर हप्ता कशातून जाईल?" तो म्हणाला. "म्हणून मला नावं द्या. कोण राहायला येणार, किती जण, कधी. ईस्टरच्या आत. नाहीतर ती जागा सुपरमार्केटला जाईल, पार्किंगसाठी."

नावंच ना? मी मनात म्हटलं, हात्तिच्या! नावं तर माझ्याकडे आहेत.

आणि इथं मी माती खाल्ली.

मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागात कामाला होते. फाइल्स, पत्ते, याद्या यातच माझा दिवस जायचा, आणि त्याचा मला गर्व होता हे कबूल करते. मंडळाची अधिकृत यादी म्हणजे विनोद होता. त्यातले निम्मे लोक स्लाउ नाहीतर टोरांटोला निघून गेलेले. कार्डिफ, न्यूपोर्ट, स्वान्सी, वरच्या व्हॅलीजमधली, म्हणजे कोळशाच्या खोऱ्यांतली गावं, कुठं कोण मराठी माणूस राहतो याची एकमेव ताजी यादी माझ्या घरी होती, जाड पुठ्ठ्याच्या वहीत. दरवर्षी संक्रांतीनंतर मी हळदीकुंकू करायची, चाळीस-पन्नास बायका यायच्या, आणि वही दर जानेवारीत मी फोन करकरून नीट करायची. या घरांच्या कामाचा सेक्रेटरी कोण, असा प्रश्न निघाल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही फार नाही नाही म्हटलं नाही.

फॉर्म मी स्वतः टाइप केला. वय काय, सध्या कुठं राहता, स्वतःचा दरवाजा आणि स्वतःचं स्वयंपाकघर असलेला छोटा फ्लॅट, खाली मदतीला वॉर्डन, कमी भाडं, असं मिळालं तर याल का? वहीतून लेबलं काढली. श्री. व सौ., श्री. व सौ., श्री. व सौ. एका शनिवारी बसून सगळी चिकटवली. आई शेजारी बसून तिकिटं लावत होती. आई म्हणजे माझी आई. वडील गेल्यावर आम्ही तिला पुण्याहून इकडे आणली, त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. समोरच्या दरवाज्याच्या वरची लहान खोली, इथं तिला बॉक्सरूम म्हणतात, ती तिची.

उत्तरं आली ती बघून मला घाम फुटला. चाळीसच्या वर फॉर्म गेले, आणि यायला तयार फक्त चार जोडपी. त्यातही एकाला दोन बेडरूम हव्या होत्या, एकानं विचारलं होतं गॅरेज मिळेल का. बाकी सगळ्यांनी लिहिलं होतं, आम्ही आमच्या घरात व्यवस्थित आहोत, उपक्रमाला शुभेच्छा. शुभेच्छा! त्या काय विटा म्हणून रचायच्या होत्या?

वेल्श साहेबानं फॉर्म चाळले. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. "यावर मला कुणी कर्ज देणार नाही," एवढंच म्हणाला. "तुमच्या समाजाला गरज नाही असं दिसतंय. ही चांगलीच गोष्ट आहे, नाही का?" डॉक्टरसाहेबांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर गाडीत म्हणाले, "बघा, आपल्यात आईवडिलांना कुणी टाकत नाही. हे मला माहीतच होतं." मग आलात कशाला, असं जिभेवर आलं होतं, पण ते वयानं मोठे.

आमच्या हॉस्पिटलमध्ये नागपूरकडच्या एक नर्सबाई होत्या. घरोघरी जाऊन आजाऱ्यांना बघायचं त्यांचं काम. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मीही म्हणायची. त्या बौद्ध. एप्रिलमधली जयंती त्या आणि न्यूपोर्टच्या पोलाद कारखान्यातली चारपाच कुटुंबं मिळून एका हॉलमध्ये करायची, आणि मंडळाच्या गणपतीला त्या येत नसत. त्या आपल्या नाहीत असं आमच्यात कुणी कधी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच पडली नाही, कारण त्यांना बोलावणंच नसे. कॅन्टीनमध्ये मात्र आमची गट्टी होती. त्या दुपारी मी त्यांच्यासमोर बसून तावातावानं सांगितलं, की आपल्या लोकांसाठी मरमर करायची आणि आपले लोक शुभेच्छा पाठवतात.

"यादी बघू," सिस्टर म्हणाल्या.

माझ्या पिशवीत वही होती. त्यांनी चष्मा लावला, एकेका ओळीवर बोट ठेवत पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्या पानावर थांबल्या.

"ताई, यात सगळ्या जोड्याच आहेत. एकट्या बायका कुठं गेल्या?"

"म्हणजे?"

"नवरा गेलेल्या. मी आठवड्याला सात-आठ जणींचं बीपी बघते. मुलाकडे राहतात, मुलीकडे राहतात. त्यातली एकही यात नाही. ही यादी कसली आहे?"

मी सांगितलं. हळदीकुंकवाची, असं म्हणताना माझा आवाज कसा झाला ते मलाच ऐकू आलं.

त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. वही बंद करून माझ्याकडे सरकवली. "तुमच्या आई कुठं राहतात?"

"माझ्याकडे."

"आणि त्यांना फॉर्म गेला?"

मला तोंड लपवावंसं वाटलं. बारीक चुका काढण्यात माझा हात धरणारं कुणी नाही म्हणून मी मिरवायची, आणि ज्या माणसांसाठी ही सगळी उठाठेव त्याच माणसांना मी पहिल्या झटक्यात वगळलं होतं. मुद्दाम नव्हे. मुद्दाम केलं असतं तर निदान लक्षात तरी आलं असतं. विधवेला हळदीकुंकवाला बोलवायचं नसतं, म्हणून जिचा नवरा गेला तिच्या नावावर मी त्या वर्षी काट मारायची, आणि पुढच्या वर्षी वहीच्या नवीन पानावर ते नाव उतरवायचीच नाही. इतकं सरळ. एम.ए. झालेली, नोकरी करणारी बाई मी, आणि हे सगळं विमानात घालून इकडे घेऊन आले होते. आमच्या घरी हळदीकुंकू असलं की तिळगुळाचे लाडू आई वळायची, कारण गरम पाकाचे चटके तिलाच सोसायचे. मला जमत नसे. दुपारी चारची पहिली बेल वाजली की ती गुपचूप वर जायची आणि दार लावून घ्यायची. नऊ वर्षं. मी एकदाही म्हटलं नाही की आई, वर कशाला जातेस. तीही काही बोलली नाही, म्हणून मी समजून चालले की तिला तसंच हवंय.

त्या रात्री मला आईच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही. पण सांगितलंही नाही काही. रविवारपासून सिस्टरच्या छोट्या गाडीतून आम्ही दोघी निघालो.

दार उघडायचा मुलगा. "आई? आई एकदम मजेत आहे. आत या ना." आत आई कोचाच्या टोकाला बसलेली, मुलगा तिच्या वतीनं उत्तरं द्यायला तयार. पहिल्या दोन घरी मी बोलत राहिले आणि हात हलवत परत आले. तिसऱ्या घरी सिस्टरनी मला गप्प बसवलं. त्यांनी बॅगेतून बीपीचं यंत्र काढलं आणि त्या घरातल्या कन्सल्टंट, म्हणजे हॉस्पिटलात मोठा डॉक्टर असलेल्या मुलाला अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "साहेब, पेशंटला जरा प्रायव्हसी लागेल." तो बिचारा स्वतःच्याच बैठकीच्या खोलीतून उठून बाहेर गेला! मी हसू दाबायला खिडकीकडे वळले.

मुलगा बाहेर गेला की आज्या बोलायच्या. आधी मुलाचं कौतुक, सुनेचं कौतुक, नातवंडांचे मार्क. मग दाराकडे एक नजर, आणि आवाज उतरवून एकेक गोष्ट. एकीला पहाटे चारला जाग यायची आणि उजाडेपर्यंत ती गादीवर बसून राहायची, कारण खाली उतरलं की जिना वाजतो. एक म्हणाली, मला माझ्या हातानं मासे करून खायचेत, सुनेला वास चालत नाही, तिचंही बरोबरच आहे म्हणा. न्यूपोर्टच्या एका बौद्ध घरातल्या आजींनी तर आम्हाला पुरतं बोलूच दिलं नाही. "कुठं सही करू?" म्हणाल्या. त्यांचा मुलगा रात्रपाळीवाला, दिवसा घरात सगळ्यांनी चिडीचूप राहायचं. त्यांना भजनाची हौस. दोन म्हातारे पुरुषही निघाले, दोघे विधुर. पण गंमत बघा, त्यांची नावं मात्र मंडळाच्या यादीत होती.

सहा रविवारांत एकवीस फॉर्म झाले. एकवीस माणसं, सगळी एकटी.

ते घेऊन आम्ही वेल्श साहेबाकडे गेलो. या खेपेला डॉक्टरसाहेब नव्हते, सिस्टर होत्या. साहेबानं प्रत्येक फॉर्म वाचला, मग कॅल्क्युलेटर पुढे ओढला, आणि त्या माणसाला मी पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसलेलं पाहिलं. मोठे फ्लॅट रद्द, सगळे एका बेडरूमचे करायचे, म्हणजे त्याच जागेत अठरा बसतात. आणि भाडं? ज्यांना स्वतःचं उत्पन्न जवळजवळ नाही अशा म्हाताऱ्या माणसांचं भाडं कौन्सिल भरतं. "म्हणजे तुमच्या या बायका," साहेब म्हणाला, "कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीनं सगळ्यात भरवशाच्या भाडेकरू आहेत." सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

अडचण तीन-चार जणींची होती. ज्या नवऱ्याबरोबर फार पूर्वी इथं आल्या त्यांचा प्रश्न नव्हता. पण ज्यांना मुलांनी मागाहून बोलावून घेतलं, त्यांच्या व्हिसाच्या वेळी मुलांनी सरकारला लिहून दिलेलं होतं की हिचं खाणं-राहणं आमच्याकडे, सरकारवर बोजा पडणार नाही. त्यांचं भाडं कौन्सिल देणार नाही. तेव्हा त्यांच्या मुलांनी भाड्याची हमी सही करून द्यायची, नाहीतर नाव यादीतून काढायचं. बिल्डिंग सोसायटीची तशी अटच होती.

मग काय, मला स्फुरण चढलं. मी त्या मुलांच्या घरी गेले आणि त्यांची चांगली हजेरी घेतली. एकाला तर त्याच्या बायकोसमोर म्हटलं, "दोन गाड्या दारात आहेत, आणि आईच्या छोट्याशा भाड्याला हात आखडता? लाज वाटू द्या." त्यानं सही केली. दुसऱ्यानंही केली. मी विजयी मुद्रेनं घरी आले आणि जेवताना सगळं नवऱ्याला रंगवून सांगितलं. आई वाढत होती.

एका संध्याकाळी ऑफिसातच शेवटची यादी टाइप करायला बसले तेव्हा सिस्टरनी एक पाकीट आणून दिलं. त्या उभ्याच राहिल्या. "हा एक राहिला होता," म्हणाल्या. "मी त्यांना सांगितलं, तुम्हीच द्या मुलीला. त्या नको म्हणाल्या."

आईचं अक्षर. वय अडुसष्ट. सध्याचा पत्ता, माझ्या घराचा.

मी तशीच कोट न घालता गाडी काढून घरी आले. आई कणीक मळत होती. मी फॉर्म तिच्यासमोर ओट्यावर आपटला.

"हे काय आहे?"

"फॉर्म आहे," आई म्हणाली. "तूच टाइप केलायस."

"काय कमी आहे तुला इथं? सांग ना. कोणी बोललं तुला? हे बोलले? मुलं बोलली?"

"कुणी काही बोललं नाही. जावई देवमाणूस आहेत."

"मग?"

तिनं हाताची कणीक सोडवली, हात धुतले, सावकाश पुसले. मला तिचा तो सावकाशपणा सहन होईना. "मी तुझ्याकडे सुखात आहे," ती म्हणाली. "पण मी तुझ्याकडे आहे. एवढंच."

"म्हणजे काय एवढंच? लोक काय म्हणतील? मी गावभर म्हाताऱ्यांसाठी हिंडते, आणि माझी स्वतःची आई..." आणि मी चक्क रडायला लागले. रागानं, बरं का. मला तिचा राग आला होता, सिस्टरचा आला होता. आपल्या मागून आपल्याच घरात कारस्थान झालं असं वाटत होतं.

"त्या दोन मुलांना तू काय बोललीस ते ऐकलं मी," आई म्हणाली. "तेव्हा वाटलं, आता फॉर्म द्यायला हरकत नाही." आणि पोळ्या करायला वळली.

नवऱ्याला सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. आईला आणताना व्हिसाच्या कागदांवर त्यांचीच सही होती. "लोक म्हणणार, जावयानं सासूला घराबाहेर काढलं," ते म्हणाले. "आणि वर भाडंही मीच भरायचं? अगं, मॉर्गेजचे दर कुठं जाऊन बसलेत बघतेस ना?" ते खरंच होतं. त्या वर्षी व्याज इतकं चढलं होतं की आमच्या घराचा हप्ता भरताना नाकी नऊ येत होते, आणि मोठ्या मुलीचं युनिव्हर्सिटीचं वर्ष तोंडावर आलेलं. हमीचा कागद मी ड्रॉवरमध्ये टाकला. दोन आठवडे तो तिथंच पडून होता. खरं सांगते, मी तो टाळत होते. फ्लॅट अठरा, माणसं आईला धरून बावीस. आईचं नाव गेलं असतं तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. उलट डॉक्टरसाहेबांनी सभेत माझं उदाहरण दिलं असतं, बघा, सेक्रेटरीबाईंनी आईला कशी जवळ ठेवली आहे.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सिस्टरचा फोन आला. "ताई, तुमच्या आईंनी सांगितलंय, त्यांचं नाव काढून टाका. म्हणाल्या, पोरीची ओढाताण होतेय."

मला हायसं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर असंच झालं. छातीवरचं ओझं उतरलं, मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला, आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. आई तिथं भाजी निवडत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी सिंककडे निघाले म्हणून आपली खुर्ची चटकन मागे ओढली, माझ्या वाटेतून. अगदी सवयीनं. नऊ वर्षं ती माझ्या वाटेतून खुर्ची मागे घेत होती, आणि मी तिथून जात होते.

मला माझीच शिसारी आली. दुसऱ्याच्या पोरांना लाज वाटू द्या म्हणणारी मी!

रात्री जेवणं झाल्यावर मी कागद नवऱ्यासमोर ठेवला. "तुम्ही सही करा नाहीतर नका करू, मी माझ्या पगारावर करते आहे," म्हटलं. आधीच माझी सही केलेली होती. त्यांनी तो दोनदा वाचला. वकिली बाण्याचा माणूस नाही, पण प्रत्येक कागद दोनदा वाचायचा हा त्यांचा स्वभाव. मग पेन मागितलं. सही करून म्हणाले, "लोकांना सांग, सासूबाईंनी जावयाला सोडलं. ते निदान खरं तरी आहे." मी हसले, पण त्यांना लागलं होतं हे मला दिसत होतं, आणि ते पुढे बरेच महिने लागत राहिलं. मुलीनं सुट्टीत सुपरमार्केटमध्ये काम धरलं. मी शनिवारच्या शिफ्ट घेतल्या.

ग्रँट मंजूर झाली, कर्जही झालं. शाळा पाडून अठरा फ्लॅट उभे राहायला जवळजवळ दोन वर्षं लागली, आणि तेवढ्यात बावीसमधल्या दोघीजणी गेल्या. त्यातली एक ती, पहाटे चारला जाग येणारी. तिच्या मुलाचा फोन आला तेव्हा तो फोनवर हुंदके देत होता. डॉक्टरसाहेबांनी उद्घाटनाला फीत कापली आणि भाषणात म्हणाले की ही कल्पना मंडळाची. म्हणू देत. सिस्टर मागच्या रांगेत बसल्या होत्या. मी उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसले, डॉक्टरसाहेबांना दिसेल असं.

आईचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर होता. सामान हलवायला गाडीच्या दोन खेपा पुरल्या. अकरा वर्षांत तिनं आमच्या घरात काही साठवलंच नव्हतं. आठवडाभर आम्ही पडदे लाव, गॅस जोड, फोन जोड करत होतो. तोवर ते घर माझंच वाटत होतं. मी सांगत होते टेबल कुठं, कपाट कुठं. मग तिनं फोन केला. "रविवारी चारला दोघं या. त्याआधी नको."

रविवारी पाऊस होता. आम्ही खालची बेल दाबली, वर आलो. दार आईनं उघडलं. इस्त्री केलेली साडी, केस नीट बांधलेले. "या," ती म्हणाली. "या, या. आत या."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी हा शब्द तिच्या तोंडून ऐकलाच नव्हता, इकडे आल्यापासून. आमच्या घराची बेल वाजली की 'या' मी म्हणायची नाहीतर माझा नवरा म्हणायचा, आणि आई आत जायची. पुण्याला आमचं दार सकाळपासून उघडं असायचं, आणि दिवसातून वीस वेळा ती कुणाला ना कुणाला 'या' म्हणायची. तिला दुसरं काही नको होतं. कुणीतरी यावं, आणि तिनं या म्हणावं.

टीपॉयवर प्लेट मांडलेल्या होत्या, पोहे झाकून ठेवलेले. नवरा कोचावर बसला. मी सवयीनं सरळ ओट्याकडे गेले, किटली उचलली आणि कप शोधायला कपाट उघडलं.

"ठेव ते," आई म्हणाली. "बस तिकडे."

"अगं, मी करते ना पटकन."

"माझ्या घरी आलीयेस. बस."

मी जाऊन नवऱ्याशेजारी बसले. मला रडू येत होतं, आणि थोडा अपमानही वाटत होता, तो का ते मला आजही धड सांगता येत नाही. आईला चहा करायला चांगला वेळ लागला. आम्ही दोघं हात मांडीवर ठेवून, पाहुण्यांसारखे बसून राहिलो.